मुतखडा : लक्षणे वेळीच ओळखा



रात्री उसाला पाणी देताना एकाएकी कुशीत कळ निघते आणि धट्टाकट्टा गडी बांधावर लोळू लागतो. घरची माणसे म्हणतात, "वायू धरला असेल, ओवा चावा." पुष्कळदा हा वायू नसून मुतखडा असतो.

खडा कसा होतो, हे आपणास सांगणे सोपे आहे. रस आटून पाक दाट झाला की साखरेचे दाणे धरतात. तसेच घाम फार जाऊन पाणी कमी पडले की लघवी दाट होते व तिच्यातील क्षारांचे दाणे धरतात. बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात. खडा मूत्रपिंडात स्वस्थ असेतो कित्येकदा पत्ताही लागत नाही. तो मूत्रनलिकेत उतरून अडकला की दुखणे सुरू होते.

लक्षणे अशी :

१. पाठीत बरगडीखाली एका बाजूला कळ येते. ती कुशीतून ओटीपोटात व जांघेकडे उतरते, लाटेसारखी येते-जाते.
२. रोग्याला कोणत्याही कुशीवर चैन पडत नाही. अपेंडिक्सचा रोगी हलले की दुखते म्हणून निपचित पडतो. मुतखड्याचा रोगी तळमळतो.
३. मळमळ, उलटी व दरदरून घाम.
४. लघवी लालसर होते, आग होते, घडोघडी जावेसे वाटते. दर वेळी 'उन्हाळी लागली' म्हणून सोडून देऊ नये.

थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात, रोगी गरोदर बाई असेल किंवा एकच मूत्रपिंड असेल, तर सकाळची वाट पाहू नका. तडक दवाखाना गाठा. अडलेल्या लघवीत जंतू वाढले तर जिवावर बेतते.

कळ थांबली म्हणजे खडा पडला, असे समजू नये. तो आतच अडकून मूत्रपिंड फुगवतो आणि दुखणे नसतानाही ते निकामी होत जाते. म्हणून लघवीची तपासणी व सोनोग्राफी करून घ्यावी. ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुधा आपोआप पडतात. १० मिलिमीटरपेक्षा मोठ्यांना बहुतेक वेळा उपचार करून काढावे लागते. पडलेला खडा टाकू नका, डॉक्टरांना दाखवा. हुलग्याचे कढण प्यायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवून तपासणी लांबवू नये. दुकानातून आणून वेदनाशामक गोळ्या वरचेवर खाल्ल्यास मूत्रपिंडालाच इजा होते.

एकदा खडा झालेल्याला तो पुन्हा होण्याचा संभव असतो. दिवसाकाठी दोन ते अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्यावे. लघवी पिवळीजर्द दिसली की पाणी कमी पडले असे समजावे. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असणाऱ्यांनी मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे. मीठ, लोणचे, पापड कमी करावे. लिंबू चांगले. कॅल्शियमच्या भीतीने दूध-ताक सोडू नये, बेताने घ्यावे.

भगिनींना विशेष सांगणे. रानात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणे व लघवी तुंबवणे घातक आहे. फडावर पाण्याची घागर जशी ठेवता, तसा बायकांसाठी आडोसाही करा. ऊसतोडीला आलेल्या भगिनींचाही त्यात विचार व्हावा.

उसाची पाळी चुकली तर आपण कासावीस होतो. शरीराची पाळीही चुकवू नका.