साप न दाखवता सापावर बोलताना

धारूर आणि आजूबाजूच्या वाड्या-तांड्यांवर मी सर्पजागृतीचे कार्यक्रम करतो. कधी शाळेत, कधी गणेश मंडळापुढे, कधी यात्रेत कुस्त्या सुरू व्हायच्या आधी. नव्याने हे काम करू पाहणाऱ्या पोरांसाठी चार गोष्टी लिहून ठेवतो.

१. ‘नाग आणणार ना?’ हा फोनवरचा पहिला प्रश्न. तिथेच नाही म्हणून टाकावं. मंडप उभा राहिल्यावर सांगितलं, तर मंडळवाल्यांची तोंडं उतरतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप पकडून खेळ मांडायला मनाई आहे. घरात निघालेलं जनावर पकडलं, तरी वनखात्याला कळवून ते सोडून द्यायचं असतं. हल्ली पोरं बत्तीस शिराळ्याचा दाखला देतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००२च्या आदेशानंतर तिथल्या नागपंचमीच्या जिवंत नागांच्या प्रथेवर टाच आली. मग २०२५च्या नागपंचमीला केंद्र सरकारने २१ जणांना नाग पकडायची परवानगी दिली, ती शिक्षणाच्या आणि पारंपरिक ज्ञानाच्या नावाखाली. ती त्या २१ जणांपुरती आणि त्या दिवसांपुरती होती. आपल्या मंडळाला तिचा काडीचा उपयोग नाही. आणि अशी परवानगी उद्या मला मिळाली तरी नको आहे. का, ते पुढे सांगतो.

२. फणा वर आला की ऐकणं संपतं. एका यात्रेत एका पोराचा खेळ मी मागे उभा राहून पाहिला. त्याने नागाची शेपटी धरली होती, दुसऱ्या हातात माईक. बोलत बरं होता: दवाखान्यात जा, कापू नका, चोखू नका. पण माणसं मोबाइल वर धरून उभी. खेळ संपल्यावर शेजारच्या तिघा पोरांना विचारलं, साप चावला तर काय करायचं? एक म्हणाला, ब्लेडने कापायचं. दुसरा म्हणाला, दोरीने आवळायचं. साप कसा धरायचा, हे मात्र तिघांनीही हात वाकवून अगदी बरोबर करून दाखवलं. जे दिसलं ते शिकले.

पुण्याचे नीलिमकुमार खैरे १९८० साली ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास राहिले होते. सापाला डिवचलं नाही तर तो उगाच चावत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. आजचे रीलवाले नेमकं डिवचतात आणि नाव जागृतीचं घेतात. अमेरिकेतल्या जत्रांमध्येही ॲलिगेटरच्या पिल्लाचं तोंड पट्टीने बांधून पोरांच्या हातात देतात. ज्ञान दिल्याचं समाधान देणाऱ्याला मिळतं, पोराला फोटो मिळतो.

३. सापाऐवजी काचेची नळी न्यावी. माझ्या पिशवीत एक कात असते, चार विषारी सापांचं मोठं पोस्टर असतं आणि एक छोटी, साधी काचेची नळी असते. ती वर धरून सांगतो: परड, म्हणजे घोणस चावली की डॉक्टर दंडातून थोडं रक्त काढून अशा कोरड्या, स्वच्छ नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी हळूच तिरकी करतात. रक्त गोठलं नसेल, तर विष अंगात भिनलेलं आहे. मी ती रिकामी नळी तिरकी करतो तेव्हा मंडपात चिडीचूप होतं. नागाच्या फण्याने इतकं काम कधी केलेलं मी पाहिलं नाही.

४. ओळख शिकवण्यात फार वेळ घालवू नये. मण्यार आणि बिनविषारी कवड्या यांत लोक हमखास फसतात. मण्यारीचे पांढरे पट्टे डोक्याकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक, बहुतेकदा जोडीने. कवड्याचे उलट, मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जाणारे. हे पोस्टरवर दाखवतो आणि लगेच सांगतो की रात्री दोनला, कंदिलाच्या उजेडात, हे तुम्हाला कळणार नाही. कळायची गरजही नाही. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच असतं. मेलेला साप पिशवीत घालून दवाखान्यात आणण्यात जो वेळ जातो, तो पेशंटचा असतो.

५. देवाला नावं ठेवली की सभा हातची गेली. पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या माणसाला मारुतीच्या देवळात नेण्याची रीत अजून आहे. तिसऱ्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या आजीला अंधश्रद्धा हा शब्द ऐकवला, की ती उठून जाते आणि तिच्यामागे तिच्या सुनाही. मी म्हणतो, ‘आई, अंगारा लावा, पण गाडीत बसवल्यावर लावा.’ मांत्रिकाचा गुण का येतो, तेही सांगावं. बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही कधीकधी विष न सोडता चावतो. असा माणूस मंत्राविनाही उठला असता.

६. मण्यारीवर सगळ्यात जास्त बोलावं. परड चावली की सूज येते, आग होते, घर जागं होतं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बहुतेकदा कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, घसा धरतो. घरचे म्हणतात ॲसिडिटी असेल, गोळी देतात. मग पापण्या जड होतात, बोलणं बोबडं होतं आणि शेवटी श्वास अडतो. अशा पेशंटला व्हेंटिलेटर लागू शकतो. आपल्या भागात त्यासाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय. म्हणून मंडपात मी एक बाज मागवतो, तिच्यावर मच्छरदाणी बांधतो आणि कडा गादीखाली खोचून दाखवतो. नुसती सोडलेली मच्छरदाणी उपयोगाची नाही. पोरं हसतात. बायका मात्र मच्छरदाणी केवढ्याला पडते ते विचारतात.

७. निघायचं कसं, हे आधी ठरवून घ्यावं. मोटारसायकल असेल तर पेशंट मधे, मागे एक धरणारा. चावलेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवायचा. अंगठ्या, बांगड्या, जोडवी सूज यायच्या आधी काढायची. गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर आणि दवाखान्याचा नंबर शाळेच्या भिंतीवर रंगवून घ्यावा. प्रतिविष शिल्लक आहे का, हे माणसं गाडीत असतानाच फोनवर विचारावं.

८. कागदाचंही बोलावं. देशात वर्षाला सुमारे ५८ हजार माणसं सर्पदंशाने जातात असा अभ्यासकांचा अंदाज आहे आणि त्यातली बरीचशी घरीच जातात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंशाने मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख रुपये मिळतात. पण सर्पदंशाची नोंदच कुठे नसेल, तर घरच्यांना हेलपाटेच पडतात.

९. तारीख दसऱ्याच्या आतली घ्यावी. धारूर तालुक्यातली कितीतरी गावं दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर जातात. तिथे कोपीत भुईवर झोपायचं, पहाटेच्या अंधारात फडात शिरायचं, पाचटात हात घालायचा. ऐकायची गरज सगळ्यात जास्त त्यांना, आणि यात्रांच्या दिवसांत ते गावात नसतात. मुकादमाला सांगून टोळी निघायच्या आदल्या संध्याकाळी अर्धा तास मागावा, बहुतेक जण देतात. ज्यांना यंदा गावात कार्यक्रम ठेवायचा असेल त्यांनी पोळ्यापर्यंत कळवावं. माईक नसला तरी चालेल, बाज आणि मच्छरदाणी मात्र लागेल.