यंत्राची मालकी

यवतमाळ,
वैशाख वद्य पंचमी

चि. बाळ यास मामाचे अनेक आशीर्वाद, विशेष.

तुझे पत्र पोहोचले. ट्रॅक्टरच्या फॅनबेल्टला आतल्या अंगाने आडव्या भेगा पडल्या आहेत, सकाळी इंजिन सुरू करताना क्षणभर किंचाळल्यासारखा आवाज येतो, परंतु काम अडलेले नाही. तेव्हा पट्टा तुटेपर्यंत थांबावे की आजच बदलावा, असे तू विचारले आहेस. माझे मत निःसंदिग्ध आहे. आजच बदलावा, आणि घरच्या अंगणात स्वतःच्या हाताने बदलावा. आपल्या जिल्ह्यात मृगाचा पाऊस होऊन वाफसा आला म्हणजे कपाशी, तूर आणि सोयाबीन यांची पेरणी साऱ्या शिवारात एकाच वेळी निघते, आणि ज्या दिवशी प्रत्येकाला मिस्त्री हवा असतो त्याच दिवशी, आर्णी असो की दारव्हा, तो कोणालाच मिळत नाही. यंत्र बंद पडल्यावर करावी लागते ती दुरुस्ती म्हणजे लाचारी. ते चालू असताना, आपल्या सवडीने, पूर्ण विचारान्ती केलेली दुरुस्ती हीच त्याची मालकी. नोंदणीच्या दस्तऐवजावर नाव चढल्याने सरकारदरबारी हक्क शाबीत होतो. वस्तूवरचा हक्क मात्र तिच्या ज्ञानानेच प्राप्त होतो.

म्हणून पान्याला हात लावण्यापूर्वी हा पट्टा करतो काय, ते नीट समजून घे. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून निघालेला हा पट्टा तुझ्या ट्रॅक्टरात पंखा, वॉटर पंप आणि अल्टरनेटर या तिघांनाही फिरवितो. चुंबकीय क्षेत्र बदलत राहिले की जवळच्या तारेच्या वेटोळ्यात विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हे फॅरडेने 1831 साली सिद्ध केले. अल्टरनेटरमध्ये फिरते विद्युच्चुंबक स्थिर वेटोळ्यांत तोच परिणाम घडविते, आतले डायोड त्या उलटसुलट प्रवाहाला एकमार्गी करतात, आणि 12 व्होल्टची बॅटरी सुमारे 14 व्होल्टच्या दाबाने भरली जाते. पट्टा घसरू लागला की प्रथम चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो. परंतु तुटला तर विजेबरोबर पाण्याचे अभिसरणही थांबते, आणि पंचेचाळीस अंशांपर्यंत चढणाऱ्या आपल्या उन्हाळ्यात इंजिन तापून हेड वाकण्यास फार अवकाश लागत नाही. अल्प किमतीच्या रबरावर एवढी मोठी जबाबदारी आहे.

आपल्या मुलखाला पट्टे काही नवे नाहीत. वऱ्हाडातील जुन्या जिनांत एका लांब शाफ्टावरून चामड्याचे सपाट पट्टे निघून रेच्यांची सगळी रांग चालवीत असत; रेल्वेच्या डब्यांखाली आसावरच्या पुलीपासून निघालेल्या पट्ट्यांनी दिवे आणि पंखे यांची वीज निर्माण होत आलेली आहे. सपाट पट्टा केवळ पृष्ठभागाच्या घर्षणावर विसंबतो. 1917 साली अमेरिकेत जॉन गेट्स याने प्रचारात आणलेला इंग्रजी व्ही-च्या आकाराचा पट्टा पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो, आणि दोन्ही कडांनी आवळला गेल्यामुळे तेवढ्याच ताणात त्याची पकड सुमारे तिप्पट होते. यावरून एक परीक्षा आपोआप निघते: पट्टा खाचेच्या तळाला कधीही टेकता कामा नये. तळ घासून चकाकत असेल, तर पट्टा तरी झिजला आहे किंवा पुली तरी. आणि पुली झिजलेली असल्यास नवा पट्टा घालणे व्यर्थ होय.

मोटारसायकलीलाही असाच पट्टा असतो काय, हा तुझा प्रश्न योग्य आहे. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक मोटारसायकलींत वीज देणारे मॅग्नेटो क्रँकशाफ्टच्या टोकावरच बसविलेले असते, त्यामुळे तेथे पट्ट्याचे प्रयोजनच नाही. बीएमडब्ल्यू कंपनीच्या 1993 पासूनच्या आडव्या दोन सिलिंडरांच्या काही गाड्यांत मात्र इंजिनच्या पुढच्या झाकणामागे अल्टरनेटरचा पट्टा असतो, आणि त्यांचे काही मालक तो घरी बदलतात. तत्त्व तेथेही हेच आहे.

आता कृती. इंजिन पूर्ण थंड होऊ दे आणि चावी स्वतःच्या खिशात ठेव. बॅटरीची ऋण बाजूची तार प्रथम सोड, कारण अल्टरनेटरची जाड तार थेट बॅटरीला जोडलेली असते आणि पाना चुकून लोखंडाला टेकला तर ठिणगी उडून अनर्थ होईल. जुन्या पट्ट्याचा मार्ग कागदावर काढ. त्याच्या पाठीवरची अक्षरे व आकडे उतरवून घे. प्रमाणित मापांत ए पट्ट्याची वरची रुंदी 13 मिलिमीटर आणि बी पट्ट्याची 17 असते. दुकानदाराने ‘हाच चालेल’ म्हटले तरी रुंदी आणि लांबी दोन्ही जुळल्याखेरीज घेऊ नकोस. नंतर अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि ताणपट्टीचा बोल्ट ढिले करून त्याला इंजिनकडे ढकल, की पट्टा सैल होऊन पंख्याच्या पात्यांवरून निघेल. पट्टा निघाल्यावर घाई न करता प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहा: खरखर लागली किंवा ती डुलली तर बेअरिंग गेले आहे, आणि ही पाहणी करण्याची संधी पट्टा असताना मिळत नाही.

नवा पट्टा हातानेच चढव. स्क्रू-ड्रायव्हरने ओढून चढविल्यास आतले धागे तुटतात, आणि ती इजा बाहेरून दिसत नाही. ताण देताना टॉमीची दांडी अल्टरनेटरच्या भक्कम पुढच्या भागालाच टेकव. सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने दाबल्यास पट्टा साधारण 10 ते 15 मिलिमीटर दबावा. पुस्तिकेत निराळा आकडा असेल तर तोच प्रमाण मान. सैल पट्टा घसरून जळतो, अतिताणाचा पट्टा वॉटर पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग खातो. नवा पट्टा आरंभी थोडा लांबतो, म्हणून काही तासांच्या कामानंतर ताण पुन्हा तपासणे हा या कामाचाच भाग समज. आवाज बंद करण्यासाठी साबण, मेण किंवा तेल लावण्याचा उपाय कोणी सांगेल; तो मुळीच करू नकोस, कारण आवाज ही पट्ट्याची तक्रार आहे, आणि तक्रारीचे कारण कायम ठेवून तिचे तोंड बंद करणे हे यंत्राच्या बाबतीतही अन्यायाचे आहे.

आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगतो. धाकट्या बहिणीला या कामात सोबतीस घे. तिला केवळ पाना देण्यासाठी उभी न ठेवता ताण तिच्याकडूनही तपासून घे. ओढणी, उपरणे, लोंबती बाही यांपैकी काहीही फिरत्या पट्ट्याजवळ नसावे; मळणीयंत्रांवर अशा वस्त्रांमुळे झालेले अपघात आपल्या भागात कोणाला ठाऊक नाहीत? इंजिन सुरू असताना पट्ट्याला हात लावण्याची मुभा कोणालाही नाही, मलाही नाही.

पट्ट्याचा नंबर, बदलल्याची तारीख आणि मीटरवरचे तास शेतीच्या जमाखर्चाच्या वहीत लिहून ठेव. निघालेला पट्टा अगदीच फाटलेला नसेल तर नवा आणखी एक घेऊन दोन्ही टूलबॉक्सात ठेवण्याची तजवीज कर. पुल्यांच्या खाचांची स्थिती कशी आढळली, ते मला सविस्तर कळव. त्यावरून पुढचा सल्ला देता येईल. शेताच्या वखरणीला ट्रॅक्टर त्यानंतरच काढ.

ती. ताईस साष्टांग नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुझा,
मामा