केपलरच्या आईवरचा खटला

प्रश्न : चेटकीण ठरवून बायकांना जाळायचं, हे युरोपात मध्ययुगात चालत असे ना? केपलर, गॅलिलिओ यांच्या काळापर्यंत ते थांबलं असेल ना?

उत्तर : थांबलं नव्हतं, उलट तेव्हाच ते ऐन भरात होतं. साधारण १५६० ते १६३० हा सगळ्यात वाईट काळ आणि जर्मन मुलखात त्याचा कहर. तुम्ही केपलरचं नाव घेतलंत म्हणून सांगतो. ग्रहगतीचा तिसरा नियम त्याने १६१९ साली प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी त्याची आई काठारिना चेटकीण म्हणून तुरुंगात गेली.

मूळ होतं गावातलं भांडण. काठारिनाने पाजलेल्या कडू पेयामुळेच आपल्याला दुखणं लागलं, असं लिओनबर्गमधली एक बाई १६१५ पासून सांगत होती. मग गावातलं एकेक आजारपण म्हातारीच्या माथी बसत गेलं. पेला करण्यासाठी तिने वडिलांची कवटी मागितली होती, तेही आरोपांत आलं. चौकशीत ती रडत नाही, हेसुद्धा तिच्याविरुद्ध धरलं गेलं! सत्तरी ओलांडलेल्या या बाईला चौदा महिने साखळदंडात ठेवलं.

केपलर लिंझहून आला आणि बचावाच्या कामाला लागला. जबान्यांतल्या विसंगती त्याने शोधल्या, दुखण्यांची नैसर्गिक कारणं मांडली. चेटूक नसतंच, असा दावा मात्र त्याने केला नाही. आपली आई चेटकीण नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. सप्टेंबर १६२१मध्ये तिला छळाची हत्यारं दाखवून दरडावलं. ती बधली नाही, म्हणून सुटली. पुढच्या एप्रिलमध्ये वारली.

तिला हत्यारं नुसती दाखवली. इतरांवर ती चालवली जात. कबुली हा सर्वांत मोठा पुरावा, म्हणून ती वदवून घ्यायची आणि वर साथीदारांची नावंही विचारायची. वेदना असह्य झाल्या की माणूस शेजारणीचं नाव घेई, मग पाळी तिची. फ्रीडरिश श्पे या जेझुइट धर्मगुरूने १६३१ साली स्वतःचं नाव न घालता लिहिलेल्या पुस्तकात हेच ठणकावून सांगितलं : छळ केला तर कुणीही चेटकीण ठरेल. युरोपभर सुमारे ४० ते ६० हजार माणसं अशी मारली गेली; त्यांत पाऊण हिस्सा बायका.

काठारिनाच्या खटल्यावर उलिंका रुब्लाक या इतिहासकार बाईंचं 'द अ‍ॅस्ट्रॉनॉमर अँड द विच' हे २०१५ सालचं पुस्तक आहे. मिळालं तर जरूर वाचा.