नवापूरच्या कोंबड्या आणि उद्याचा अतिरेकी

प्रश्न : आमच्या नवापुरात २००६ साली बर्ड फ्लू आला होता. आता ऐकतो की पुढचे अतिरेकी बंदुकीऐवजी रोगजंतू वापरतील. तसं खरंच झालं, तर नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ते कळेल तरी का? आणि आम्ही करायचं काय?
– एक वाचक, ता. नवापूर

उत्तर : कळेल. पण सुरुवातीला तो हल्ला वाटणार नाही, साथच वाटेल. आणि त्याची पहिली चाहूल लागेल ती आशाताईला, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना, नाही तर गुरांच्या डॉक्टरांना.

तुमच्याच गावचं बघा ना. २००६ मध्ये पोल्ट्रीत कोंबड्या पटापट मरू लागल्या, तेव्हा अनेकांना ती नेहमीची मानमोडी, म्हणजे राणीखेत वाटली. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ फेब्रुवारीला देशातला पहिला बर्ड फ्लू जाहीर झाला. पलीकडे गुजरातेत उच्छललाही तो निघाला. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या गावांत दिसला. त्यामागे कोणाचा हात होता असं कधी आढळलं नाही. पण समजा असता, तरी पहिले काही दिवस अगदी असेच गेले असते : मरतुक, मानमोडीचा संशय, मग नमुना.

जाणूनबुजून पसरवलेला रोग ओळखणं किती अवघड असतं, याचा दाखला अमेरिकेत आहे आणि त्याचा धागा पुण्याला पोचतो. कोरेगाव पार्कातून १९८१ मध्ये रजनीशांचा मुक्काम ओरेगन राज्यात हलला. १९८४ मध्ये तिथल्या काही अनुयायांनी जवळच्या द डॅल्स गावातल्या हॉटेलांत, सॅलडमध्ये साल्मोनेलाचे जंतू मिसळले. स्थानिक निवडणुकीत विरोधी मतदार घरीच पडून राहावेत, हा डाव. ७५१ माणसं आजारी पडली. सुदैवाने कोणी दगावलं नाही. आरोग्य खात्याने तपास केला आणि ठपका ठेवला तो हॉटेलच्या कामगारांच्या अस्वच्छ हातांवर! खरा प्रकार उघडा पडायला वर्ष गेलं, तेही आश्रमातल्या भांडणांमुळे.

म्हणून लगेच झोप उडवून घेऊ नका. जंतूंचं हत्यार करणं बोलायला सोपं आहे. जपानच्या ओम शिनरिक्यो पंथाकडे पैसा होता, शिकलेले शास्त्रज्ञ होते. तरी त्यांचे जंतूंचे प्रयोग फसले आणि १९९५ मध्ये टोकियोच्या भुयारी रेल्वेत त्यांनी वापरला तो सरीन नावाचा विषारी वायू. जैविक अस्त्रांवर बंदी घालणारा करार १९७५ पासून लागू आहे, भारतही त्यात आहे. मात्र जनुकांवर काम करण्याची साधनं दिवसेंदिवस स्वस्त होत चालली आहेत, आणि करार देश पाळतात, टोळ्या नव्हे. धोका लहान आहे, पण तो वाढणारा आहे, असं माझं मत.

त्याहून मला भीतीची भीती जास्त वाटते. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडलं. खानदेशातली किती माणसं तिथे कापडाच्या धंद्यात आहेत, हे तुम्हाला मी सांगायला नको. औषधाच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन गायब झालं. अफवांना तर ऊत आला होता. मृतांचा आकडा शंभराच्या आतच राहिला. घबराटीला मात्र हिशेब नव्हता. अतिरेक्याला हवी असते ती हीच घबराट, आणि इथे तर ती अतिरेक्यावाचूनच झाली.

आता करायचं काय? २६/११ नंतर आपण राष्ट्रीय तपास यंत्रणा उभारली, मुंबईत फोर्स वन हे कमांडो पथक आणलं. गोळीबारासाठी ते ठीकच. जंतूंपुढे कमांडो काय करणार? तिथे लागतं ते साधं, कंटाळवाणं काम : कुठल्या पाड्यावर किती जणांना ताप, याची नोंद दर आठवड्याला वर जाणं. देशात ही रोग-सर्वेक्षणाची योजना २००४ पासून आहे, पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्थाही आहे. पण धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात मोबाइलला रेंज नसेल, नर्मदेकाठी तरंगत्या दवाखान्याची बोट बंद पडली असेल, पशुवैद्यकाची जागा रिकामी असेल, तर पुण्याला किंवा भोपाळला नमुना पाठवणार कोण? ती जागा भरणं हा मी देशाच्या संरक्षणाचाच खर्च समजतो. सूचनाही भिली-पावरीत हव्यात. छापील मराठीतलं पत्रक पाड्यावर भिंतीलाच चिकटून राहतं.

दुसरं, सीमा. तुमच्या नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाकावर बसलेला माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सरकतो. रोगही तसाच सरकतो. तेव्हा दोन्हीकडच्या आरोग्य आणि पशुसंवर्धन अधिकाऱ्यांकडे एकमेकांचे फोन नंबर आधीपासून हवेत, मुंबई आणि गांधीनगरमार्गे पत्र यायची वाट बघून चालणार नाही.

तिसरी गोष्ट भरपाईची. कोंबड्या मारल्यावर पैसे वेळेत मिळतील याची खात्री नसेल, तर पोल्ट्रीवाला मरतुक लपवणारच. त्याला दोष देऊन उपयोग नाही.

आणि तुमच्यापुरतं : एकाएकी खूप कोंबड्या किंवा गुरं मेली, तर मेलेलं जनावर उघड्या हाताने उचलू नका, नाल्यात टाकू नका, १९६२ या पशुवैद्यकीय क्रमांकावर कळवा. एकाच जेवणानंतर किंवा एकाच विहिरीवरची बरीच माणसं आजारी पडली, तर १०८ ला फोन करा, आणि कोणी काय खाल्लं-प्यायलं ते लिहून ठेवा. ‘हे अमक्यांनीच केलं’ असा मेसेज आला, तर तो पुढे पाठवू नका.