बालकांच्या मानेतील गाठ : सोनोग्राफी केव्हा, एम.आर.आय. केव्हा?

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या ११ व्या अध्यायात ग्रंथी, अपची, अर्बुद व गलगंड यांचे निदान एकत्र सांगितले आहे. अर्बुद स्थिर, अल्पवेदनायुक्त व सावकाश वाढणारे असते, हे लक्षण आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. तथापि बालरुग्णात ‘सावकाश वाढणारे’ यावर विसंबून राहू नये, असे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. ऱ्हॅब्डोमायोसारकोमा हे बालवयातील मृदू ऊतींचे सर्वांत अधिक आढळणारे दुष्ट अर्बुद होय. शिर व मान हे त्याचे एक प्रमुख स्थान. ते काही आठवड्यांतच वाढते आणि पुष्कळदा दुखतही नाही. नाकामागे किंवा मध्यकर्णात असल्यास बाहेरून गाठ दिसत नाही. एकाच बाजूचा नासारोध, रक्तमिश्रित स्राव, न थांबणारा कर्णस्राव व सोबत अर्दित एवढीच लक्षणे असतात. अशा बालकास प्रतिश्यायाची औषधे महिनोन् महिने देत राहणे घातक होय.

प्रथम परीक्षण सोनोग्राफीचे. तीत किरणोत्सर्ग नाही, भूल लागत नाही. गाठ द्रवयुक्त की घन, हे तीत समजते व डॉप्लरने रक्तप्रवाह कळतो. जन्मानंतर काही आठवड्यांत उद्भवून झपाट्याने वाढणाऱ्या हिमॅन्जिओमात तो विपुल असतो. असा अर्बुद पुढे बहुधा आपोआप ओसरतो. लसवाहिन्यांच्या विकृतीत अनेक कप्पे दिसतात, आत प्रवाह नसतो. दोन ते आठ आठवड्यांच्या अर्भकात मानेचा स्नायूच जाड झालेला दिसला, तर बहुधा पुढील तपासणी लागत नाही. मध्यरेषेतील, जीभ बाहेर काढताच वर सरकणाऱ्या गाठीत थायरॉईड ग्रंथी स्वस्थानी आहे ना, हे शस्त्रकर्मापूर्वी पाहावेच. क्वचित ती गाठ हीच एकमेव थायरॉईड असते!

गाठ घन, खोल किंवा नेत्रकोटरातील असल्यास एम.आर.आय. आवश्यक. लहान मुलांस त्यासाठी बहुधा भूल द्यावी लागते. कवटीच्या हाडाची झीज सी.टी.त अधिक स्पष्ट दिसते. परंतु किरणांमुळे ती सरसकट करू नये. प्रतिमेवरून अर्बुदाचे नाव निश्चित होत नाही, ते बायोप्सीने होते. मात्र बायोप्सी, छेदन वा रक्तमोक्षण प्रतिमा-परीक्षणापूर्वी करू नये. गाठीत रक्तस्राव झाला की चित्र बिघडते.

औषधालय-चालकांसही एक विनंती. बालकासाठी कांचनार गुग्गुळ पुनःपुन्हा नेला जात असेल, तर गाठ वैद्यांस दाखविली का, हे अवश्य विचारावे. कठीण, न हलणारी, दोन सें.मी.हून मोठी किंवा जत्रूच्या वर असलेली गाठ औषधावर थोपवू नये. पाठविताना चिठ्ठीत गाठ केव्हापासून आहे, किती वाढली, कोणती औषधे वा लेप दिले आणि छेद दिला होता काय, एवढे लिहावे. रेडिओलॉजिस्टांस कोणता भाग कसा पाहावा, हे त्यावरूनच ठरविता येते.