एडिटरला पैसे मोजू नकोस, इतक्यात

परवा फोनवर तू विचारलंस, 'मामा, कोडिंगसाठी कुठलं सॉफ्टवेअर विकत घेऊ?' मी गाडीवर होतो, नीट बोलता आलं नाही. आता ऐक. काहीही विकत घेऊ नकोस. एचटीएमएल काय, सीएसएस काय, शेवटी तो साधा मजकूर. तो लिहायचा एडिटर फुकट मिळतो, आणि चांगला मिळतो.

आधी तुझा लॅपटॉप बघ. सेकंडहँड, ४ जीबी रॅमचा. क्लासमधली सगळी मुलं व्हीएस कोड वापरतात म्हणून तूही तोच टाकशील. मायक्रोसॉफ्टचा आहे, २०१५ साली आला, फुकट आहे, आणि त्याच्याइतकी सोय दुसरीकडे मिळणं कठीण हे मीही मानतो. उद्गारचिन्ह टाकून टॅब दाबलं की पानाचा अख्खा सांगाडा समोर हजर. पण तो क्रोमच्याच इंजिनावर बांधलाय. म्हणजे एक ब्राउझर एडिटरच्या पोटात, दुसरा पान बघायला उघडलेला. तुझं मशीन धापा टाकेल. त्यापेक्षा सध्या नोटपॅड प्लस प्लस घे. २००३ पासून चालत आलेला, विंडोजपुरताच, अंगाने हलका. टॅग रंगवून दाखवतो, जोडीचा टॅग कुठे आहे ते सांगतो, आणि लाइट गेली तरी सेव्ह न केलेला मजकूर बहुतेक वेळा परत देतो. उद्या रॅम वाढवलीस की खुशाल व्हीएस कोडवर जा. फक्त दिसेल ते एक्स्टेंशन टाकत सुटू नकोस, दोन-तीन पुरे. व्हीएस कोड काय काय माहिती कंपनीकडे पाठवतो, ते टेलिमेट्रीच्या सेटिंगमध्ये बंद करता येतं, तेही पहिल्याच दिवशी कर.

आता खरी गोष्ट, जी क्लासमध्ये कोणी सांगणार नाही. तुझी पहिली गिऱ्हाइकं गावातलीच असणार. कुणाची खानावळ, कुणाचं मंगल कार्यालय. त्यांना पान मराठीत हवं असतं. मी सुरुवातीला विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये एका खानावळीचा मेनू केला होता. सेव्ह करताना एन्कोडिंगच्या जागी 'एएनएसआय' होतं. त्याने इशाराही दिला, मी घाईत ओके दाबलं. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर सगळीकडे प्रश्नचिन्हं! इंग्रजी आकड्यांतले दर तेवढे शाबूत, पदार्थांची नावं गायब. अशी गेलेली अक्षरं परत येत नाहीत. सगळा मेनू पुन्हा टाइप केला. २०१९ नंतर साधं नोटपॅडही आपणहून यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करायला लागलं, पण जुनं मशीन आणि जुनी फाइल यांच्यावर कधी विसंबू नये. नोटपॅड प्लस प्लसमध्ये खाली उजव्या कोपऱ्यात एन्कोडिंग लिहिलेलं असतं. तिथे नुसतं 'यूटीएफ-८' हवं. शेवटी 'बीओएम' लागलेलं दिसलं तर बदल. ती न दिसणारी तीन बाइटं पीएचपीच्या पानाला असा त्रास देतात की रात्रभर चूक सापडत नाही. आणि गिऱ्हाइकाने डीटीपीवाल्याकडचा श्रीलिपीतला मजकूर दिला, तर तो आधी युनिकोडमध्ये करून घे. मजकूर वर्डमधून उचलून आणलास तर वळणदार अवतरणचिन्हंही येतात. ती कोडमध्ये चालत नाहीत.

सब्लाइम टेक्स्ट तुला कुणीतरी दाखवेलच. झकास आहे, जुन्या मशीनवरही पळतो. लायसन्स ९९ डॉलरचं, पण अजमावून बघायला मुदत नाही. अधूनमधून 'विकत घ्या' एवढं विचारतो. म्हणून फुकटात आयुष्य काढायचं नाही. त्यावर कमवायला लागलीस की पहिल्या मोठ्या बिलातून पैसे भर. क्रॅक मात्र कधीच नको. एक महागडं सॉफ्टवेअर मी एकदा सीडीवरून 'फुकट' टाकलं होतं. त्यानंतर माझ्या एफटीपीचे पासवर्ड गेले आणि गिऱ्हाइकांच्या साइटवर भलत्याच जाहिराती दिसायला लागल्या. ते निस्तरायला महिना गेला, एक गिऱ्हाईक कायमचं गेलं.

एडिटरच्या प्रेमातही पडू नकोस. ॲडोबीने ब्रॅकेट्सचा हात २०२१ मध्ये सोडला. गिटहबचा ॲटम तर माझ्या डोळ्यांसमोर आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये मिटला. माझ्या फायलींचं काही बिघडलं नाही, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एडिटरात उघडल्या. बोटांना लागलेल्या सवयी मोडायला तेवढे दोन आठवडे लागले.

विम नावाच्या एडिटरचं एवढंच लक्षात ठेव. कधीतरी गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर शिरशील आणि अचानक त्याच्यात अडकशील. घाबरू नकोस: एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर. बाहेर. जे बदललं असेल ते सेव्ह होत नाही, हे लक्षात असू दे.

जो एडिटर घेशील तो त्याच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरव. गुगलवर सगळ्यात वर दिसतं ते पुष्कळदा जाहिरात असतं. पहिलं पान तयार झालं की मला पाठव. 'दुसऱ्या' आणि 'सकाळ' हे शब्द त्यात घाल. 'ऱ्य' आणि 'ळ' नीट उमटलेत का, तेच मी आधी बघणार आहे.