घरात कर्करोग आला असता: एक अभ्यासपाठ

मागील वर्षी एका रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्या मंडळीतील एक बहीण मंदिरात मागे राहिली. वय पंचेचाळीसच्या सुमाराचे, कष्टाची बाई, आपले दुखणे कधी सांगणारी नव्हे. तिच्या डाव्या स्तनात चार महिन्यांपासून गाठ होती. गाठ दुखत नव्हती, म्हणून तिने ती अंगावर काढली. तालुक्याच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून तपासावा असे सांगितले होते. सासूबाईंचे म्हणणे, सुरी लागली की रोग अंगभर पसरतो. दिराने दूरच्या गावच्या एका जाणत्याकडून पुड्या आणल्या होत्या, व पथ्यही लिहून आणले होते. थोरला मुलगा पुण्याहून फोन करून म्हणे, "आजच्या आज मुंबईस निघा." नवरा मान खाली घालून बसे. ती आम्हांस म्हणाली, "पाळकसाहेब, बोलतात सगळे, मला मात्र कोणी विचारीत नाही."

त्या दिवशी आमच्या हातून चूक झाली, ती येथे सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. आम्ही तिला म्हणालो, "घरात एकमत होऊ द्या, मग जा." हे शांतीचे बोलणे आहे असे आम्हांस वाटले. एकमत होण्यास सहा आठवडे लागले. मग तपासणी झाली. कर्करोग निघाला, आणि तो काखेतील गाठींपर्यंत पोहोचलेला होता. त्या सहा आठवड्यांमुळेच असे झाले असे कोणी डॉक्टर म्हणाला नाही. परंतु ते आठवडे आम्ही तिच्या पदरातून काढून घेतले, एवढे खरे. म्हणून हा पाठ प्रथम आम्हांसाठी आहे, व नंतर उपदेशक बंधूंसाठी आणि मंडळ्यांसाठी.

१. रोग व काळ

आपले शरीर अतिसूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात व नव्या होतात. ह्या वाढीस एक मर्यादा असते. ज्या पेशी ती मर्यादा सोडून वाढू लागतात, शेजारच्या भागात शिरतात, व रक्तातून किंवा रसवाहिन्यांतून दुसऱ्या ठिकाणी जाऊन वस्ती करतात, त्यांच्या रोगास कर्करोग म्हणतात. रोग एके ठिकाणी आहे तोवर तो काढून टाकता येण्याची आशा मोठी असते. दूर पसरल्यावर ती कमी होते. म्हणून ह्या रोगात काळ हीच मोठी संपत्ती होय. गाठ दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी आहे, हे अनुमान खोटे आहे. स्तनाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही.

तर मग सुरीने रोग पसरतो, ही समजूत कोठून आली? आमच्या मते ती अशी आली. आपली माणसे सर्व उपाय थकल्यावर इस्पितळात जातात. तेव्हा रोग आधीच पसरलेला असतो. शस्त्रक्रिया होते, माणूस पुढे काही महिन्यांनी जातो, आणि दोष सुरीवर येतो. तुकडा तपासल्यावाचून गाठ कशाची आहे हे डॉक्टरास नीट कळत नाही, व कोणते औषध द्यावे हेही ठरत नाही. शिवाय तपासलेली प्रत्येक गाठ कर्करोगाची निघते असेही नव्हे; पुष्कळांची भीती त्याच दिवशी दूर होते.

२. झाडपाल्याचा उपहास करू नये

सासूबाई अडाणी व डॉक्टर शहाणा, असा हा वाद नाही. आपल्या अंगणात जी सदाफुली फुलते, तिच्यातून १९५८ च्या सुमारास कॅनडातील संशोधकांनी व्हिन्ब्लास्टीन नावाचे द्रव्य वेगळे काढले. तिच्यातूनच पुढे व्हिन्क्रिस्टीन मिळाले, व लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते. आपल्या सह्याद्रीच्या रानातील नरक्या नावाच्या झाडात कॅम्प्टोथेसिन सापडते; त्यापासून तयार केलेली औषधे मोठ्या आतड्याच्या व अंडाशयाच्या कर्करोगावर वापरतात. तेव्हा वनस्पतींत गुण आहे, हे डॉक्टरही मानतात.

परंतु हे ऐकून कोणी सदाफुलीची पाने चावून खाऊ नयेत. पानात ते द्रव्य फारच थोडे असते, व त्याच्याबरोबर विषारी द्रव्येही असतात. रसायनशाळेत ते शुद्ध करावे लागले, मिलिग्रॅमच्या मापाने मोजावे लागले, आणि किती दिले असता रोग हटतो व किती दिले असता माणूस दगावतो, हे वर्षानुवर्षे तपासावे लागले. पुडीत व औषधात भेद आहे तो एवढाच: एकाची परीक्षा झाली, दुसऱ्याची झाली नाही. जर्दाळूच्या बियांतील अ‍ॅमिग्डालीन नामक द्रव्यापासून केलेल्या औषधाचा अमेरिकेत मोठा बोलबाला झाला होता. १९८२ साली १७८ रोग्यांवर त्याची परीक्षा झाली. म्हणण्यासारखा लाभ दिसला नाही, मात्र काहींच्या रक्तात सायनाइड विषाचे प्रमाण धोक्याच्या जवळ गेले.

३. केवळ दुसऱ्या उपायांवर विसंबले असता

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २०१८ साली एक तुलना प्रसिद्ध केली. स्तन, पुरःस्थ ग्रंथी, फुफ्फुस व मोठे आतडे यांचा कर्करोग झालेले, परंतु रोग दूरवर न पसरलेले असे २८१ रोगी त्यांनी पाहिले. ह्यांनी इस्पितळाचा उपचार सोडून केवळ इतर उपाय घेतले होते. त्यांची तुलना नेहमीचा उपचार घेतलेल्या ५६० रोग्यांशी केली. पहिल्या मंडळींत मृत्यूचा धोका अडीच पट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तर साडेपाच पटींहून अधिक.

ही चूक खेड्यातील गरिबांचीच आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह जॉब्स, यांच्या स्वादुपिंडात २००३ च्या ऑक्टोबरात गाठ सापडली. ती मंद वाढणाऱ्या, दुर्मिळ जातीची होती. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली. घरची माणसे व मित्र विनवीत राहिले. त्यांनी नऊ महिने आहाराचे पथ्य, फळांचे रस, वनस्पती व सुया टोचण्याचा उपचार केला. जुलै २००४ मध्ये शस्त्रक्रिया झाली, व ५ ऑक्टोबर २०११ रोजी ते वारले. आधी शस्त्रक्रिया झाली असती तर ते वाचले असते की काय, हे सांगता येत नाही. परंतु धन व बुद्धी ह्यांनी भीती जात नाही, एवढे ह्यावरून दिसते.

आणि ती भीती निराधार नसते. शिरेतून देतात त्या औषधांनी केस गळतात, ओकाऱ्या येतात, तोंड सोलते. किरणांच्या उपचाराने, ज्यास आपली माणसे शेक देणे म्हणतात, कातडी भाजल्यासारखी होते. महिनोगणती मजुरी बुडते. जो उपदेशक हे सर्व झाकून "काही होत नाही" असे सांगतो, त्याच्यावरचा विश्वास पहिल्या ओकारीबरोबर जातो. खरे सांगावे: त्रास आहे, परंतु बहुतेक त्रास उपचाराबरोबर संपणारा आहे.

४. घरच्या उपायांचे स्थान

सासूबाईंनी करावयाचे काहीच नाही काय? पुष्कळ आहे. तोंड आले असता मऊ भात, पेज व वरण. मळमळत असता थोडे थोडे खावयास देणे. अंगावरून मायेने हात फिरविणे. हे कोणत्याही डॉक्टरास करता येत नाही. नियम एकच: जे द्याल ते डॉक्टरांस सांगून द्या, व उपचाराच्या जोडीस द्या, उपचाराच्या ऐवजी नव्हे. काही वनस्पती औषधाचा जोर कमी करितात, काही रक्त पातळ करितात. पुड्यांविषयी तर फार जपावे. २००४ साली अमेरिकेतील बोस्टन शहराच्या परिसरात विकत घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधे तपासली असता १४ औषधांत शिसे, पारा किंवा सोमल सापडला. तसेच, कर्करोग बरा करितो अशी औषधाची जाहिरात करणे आपल्या देशात १९५४ च्या कायद्याने मना आहे. जो अशी हमी छापतो, तो आरंभीच कायदा मोडतो.

प्रार्थनेविषयीही येथे बोलले पाहिजे. कारण औषध घेणे म्हणजे अविश्वास, असे काही बंधू शिकवितात. हिज्कीया राजा मरणोन्मुख झाला तेव्हा त्याने रडून प्रार्थना केली, व यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांचा लेप लावावयास सांगितला. प्रार्थना व लेप एकाच घरात होते. लूक वैद्य पौलाचा सोबती होता, व पौलाने त्यास धंदा सोड म्हणून सांगितल्याचे कोठे वाचावयास मिळत नाही.

५. निर्णय कोणाचा?

आता मुख्य गोष्ट. शरीर जिचे, निर्णय तिचा. कायदाही हेच सांगतो. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, प्राण वाचविण्याची तातडी नसता सज्ञान स्त्रीवर केवळ तिच्या आईच्या संमतीने शस्त्रक्रिया करता येत नाही. संमती तिची स्वतःची पाहिजे. मग सासऱ्याची, दिराची किंवा पाळकाची संमती कोठे पुरणार?

घरच्यांचे काम मत देण्याचे नव्हे, तिला खरी माहिती आणून देण्याचे आहे. तिच्यासमक्ष डॉक्टरांस चार प्रश्न विचारावे: रोग कोणता व कोठवर गेला आहे? उपचाराने काय साधेल? त्रास कोणता व किती दिवस? काही न केल्यास काय होईल? नंतर तिला दोन दिवस द्यावे, दोन महिने नव्हे. पैशाची चिंता असल्यास महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी इस्पितळातच करावी. मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहे, व सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथेही कर्करोगाचे रुग्णालय आहे. पुड्यांसाठी जितका प्रवास होतो तितकाच तेथेही होतो.

दबाव दुसऱ्या बाजूनेही येतो, हे विसरू नये. रोग फार पुढे गेल्यावर डॉक्टरच म्हणतात की आता बरे करणारा उपचार नाही. तेव्हा रोगी थकून "पुरे" म्हणतो, आणि मुलगे जमीन विकून त्यास इस्पितळोइस्पितळी फिरवितात. तेथेही रोग्याचेच ऐकावे. वेदना शमविणारा उपचार, मॉर्फिनसुद्धा, मागून घ्यावा. आपल्या माणसास वेदनेवाचून निरोप देणे ही हार नव्हे.

ती बहीण पुन्हा भेटली तेव्हा आम्ही सर्वांदेखत तिला विचारले, "बाई, तुमची इच्छा काय?" ती म्हणाली, "मला जगायचे आहे, पण सासूबाई बरोबर आल्या पाहिजेत." सासूबाई गेल्या. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, केस गेले व पुन्हा आले. आज ती उपासनेस येते. पुढे काय होईल हे डॉक्टर सांगत नाहीत, आणि आम्हीही सांगत नाही. परंतु आता घरात तिला विचारतात.

मंडळीत चर्चेसाठी प्रश्न

१. न दुखणारी गाठ अंगावर का काढू नये?
२. सदाफुलीतील औषध व सदाफुलीचे पान ह्यांत भेद कोणता?
३. आपल्या घरात दुखणेकऱ्यास शेवटी कोण विचारतो?
४. "एकमत होऊ द्या" हे बोलणे केव्हा शांतीचे असते, व केव्हा केवळ उशीर असतो?